डाव्या बाहीचा काठ

आईने आजवर मला जितक्या वेळा 'जेव' म्हटलं असेल, त्याहून जास्त वेळा 'उसव' म्हटलंय. घाटकोपरच्या आमच्या घरात दाराला लागून तिचं शिलाई मशीन होतं, आणि अजूनही आहे. त्या मशीनवर बसून मी जे काही शिवलं ते तिने उचललं, उजेडात धरलं, नाकाजवळ नेलं आणि परत माझ्या मांडीवर टाकलं. उसव. का उसवायचं ते सांगायची पद्धत नव्हती. उसवता उसवता आपलं आपल्याला कळतं, असं तिचं म्हणणं. आता मी बेचाळीस वर्षांची आहे, मुलुंडला माझं स्वतःचं शिवणाचं दुकान आहे, तिथे तीन बायका कामाला आहेत, आणि तरीही आई दुकानात आली की मी हातातलं काम पटकन दुसऱ्या कापडाखाली सरकवते. बायका हसतात. हसू देत, त्यांची आई माझ्या आईसारखी नाही.

तर यंदा टीव्हीवरच्या त्या जुन्या मालिकेला पंचवीस वर्षं झाली आणि तिच्या डिस्कचा संच बाजारात आला. मालिकेचं नाव मी घेत नाही. ज्यांनी पाहिली आहे ते ओळखतीलच, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात अशी: एका लहान गावात एक मास्तरीण असते, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी तिची धाकटी बहीण नाहीशी झालेली असते, मग मास्तरीणही नाहीशी होते, आणि शेवटच्या भागात दोघींपैकी एक जण घरी परत येते. कोणती, ते कुणालाच कळलं नाही, कारण चॅनेलवाल्यांनी तिथेच मालिका गुंडाळली. दाखवली तेव्हा ती फार कुणी पाहिलीही नव्हती. पण नंतर कुणाकुणाच्या घरी टेप केलेल्या कॅसेटी फिरल्या, मग इंटरनेटवर भाग चढले, आणि बघता बघता पोरं तिच्यासाठी वेडी झाली. परत आलेली थोरली की धाकटी, यावरून लोकांनी मैत्र्या तोडल्या आहेत म्हणे.

या मालिकेतल्या नायिकेचे सगळे ब्लाउज माझ्या आईने शिवले होते. दोन्ही बहिणी एकाच नटीने केल्या होत्या, त्यामुळे माप एकच. अंधेरीच्या स्टुडिओतून ड्रेसवाले काका यायचे, कापडाचं बोचकं टाकायचे आणि शिवलेलं घेऊन जायचे. प्रत्येक ब्लाउज दोन-दोन नग. एक अंगात, एक पिशवीत. शूटिंगमध्ये एकावर चहा सांडला, घाम फुटला, तर दुसरा तयार हवा आणि दोन्हींत केसाचाही फरक दिसता कामा नये. आईच्या दोन ब्लाउजांत फरक शोधायला काका एकदा भिंग घेऊन बसले होते. हरले.

आता माझा गुन्हा सांगते.

मी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन घरात होते. आई कुणा दुसऱ्या नटीचं माप घ्यायला अंधेरीला गेली होती. जाताना सांगून गेली, "काका चारला येतील. मोतिया ब्लाउजला इस्त्री फिरवून ठेव. बाकी कशाला हात लावू नको." मोतिया रंगाचा ब्लाउज आणि त्याला तांबडा करवतकाठ. त्याचा एक नग काका आधीच घेऊन गेले होते, हा दुसरा. करवतकाठ म्हणजे काठाच्या एका कडेला करवतीसारखे दात असतात. बाहीला काठ लावताना ते दात वर, खांद्याच्या दिशेने बघायला हवेत. हे आमच्या घरात चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक.

मी इस्त्री गरम केली, रेडिओ लावला, गाणं लागलं, आणि डाव्या बाहीवर इस्त्रीच्या बुडाची भुरकट होडी उमटली. जळक्या रेशमाचा वास नाकात गेला तेव्हा मी जागी झाले. घड्याळात पावणेतीन. काका चारला. आई त्यानंतर. दोघांपैकी आधी कुणाचा मार खायचा एवढाच प्रश्न होता.

पण माणूस घाबरला की त्याला भलतंच सुचतं. मी ब्लेड घेऊन जळकी बाही उसवली, उरलेल्या कापडाच्या गाठोड्यातून तुकडा काढला, त्यावर जळकी बाही ठेवून तशीच नवी कापली, तिला काठाची पट्टी जोडली आणि मशीनवर बसले. शिवणारीला विचारा, ती सांगेल की बाही चढवणं हे सगळ्यात नाजूक काम. बाहीचा घेर मुंढ्याच्या घेरापेक्षा, म्हणजे खांद्याभोवतीच्या त्या गोल कापापेक्षा, जरासा मोठा असतो. ते जास्तीचं कापड बोटांनी दाबत दाबत असं मुरवायचं की वरून एकही चुणी दिसू नये. तोवर मला हूक लावणं आणि तुरपाई, याच्या पुढे आईने जाऊ दिलं नव्हतं. बाही तर मी फक्त लांबून बघितली होती. तरी मी ती चढवली. कशी चढवली ते आजही सांगता येणार नाही, हातांनी परस्पर केलं. काका आले, ब्लाउज घेऊन गेले. जळकी बाही वर्तमानपत्रात गुंडाळून मी गल्लीच्या टोकाच्या कचराकुंडीत टाकली आणि आई यायच्या आत साळसूदपणे भाजी निवडायला बसले.

काठ उलटा लागल्याचं मला संध्याकाळी भात वाढताना कळलं. पट्टी जोडताना दात कुठे होते ते हाताला एकदम आठवलं, आणि भात ताटाबाहेर गेला. "लक्ष कुठाय गो तुझं?" आई म्हणाली. लक्ष अंधेरीला होतं.

पुढचे काही आठवडे मी देवाला काय काय कबूल केलं ते आता विचारू नका. मालिका सुरू झाली, मोतिया ब्लाउज आला आणि गेला. आमच्या छोट्या टीव्हीवर नायिकेचा चेहराच धड दिसत नव्हता तर बाहीचे दात कुठून दिसणार? माझी धास्ती गेली. हळूहळू मी ते विसरले, किंवा विसरल्यासारखी राहिले.

पण त्या मालिकेचा दिग्दर्शक हट्टी होता. त्याने ती फिल्मवर घेतली होती, आणि फिल्मवरचं काही पुसलं जात नाही. पंचवीस वर्षांनी कुणीतरी ते डबे शोधून काढले, एकेक चित्र धुऊन पुसून लखलखीत केलं आणि सुंदर डब्यात आठ डिस्क, सोबत जाडजूड पुस्तिका, असा संच करायला घेतला. डिस्क लावायचं मशीन आता कुणाच्या घरात आहे म्हणा. तरी लोकांनी आधीच नावं नोंदवली, कपाटात मांडायला का होईना.

संच यायच्या आधी त्याची छोटीशी झलक मोबाइलवर फिरू लागली. मी ती दुकानात, ग्राहकाचं माप घेता घेता पाहिली. नायिका दारात उभी आहे, चौकटीला हात टेकलाय, डावी बाही कॅमेऱ्यासमोर. आणि माझे दात, एकेक मोजून घ्यावेत असे, खाली लोंबतायत. टेप माझ्या हातातून सुटली. ग्राहकबाई म्हणाली, "काय झालं? वाढले का मी?"

पोरांनी त्या बाहीचं जे केलं ते तर पुढचं. कुठे बघायचं ते एकदा कळल्यावर त्यांनी सगळे जुने भाग डोळे ताणून चाळले आणि ठरवलं की दिग्दर्शकाने खूण पेरून ठेवली आहे: जिच्या डाव्या बाहीचा काठ उलटा ती धाकटी, सरळ ती थोरली. शेवटच्या भागात घरी येणारीच्या अंगात तोच ब्लाउज होता, काठ उलटा. म्हणजे धाकटी परतली! पंचवीस वर्षांचं कोडं सुटलं. लेख आले, व्हिडिओ आले, थोरलीवाल्यांनी हार मानली. काय तो दिग्दर्शक, काय ती नजर, असं जो तो म्हणत होता. आणि ती नजर म्हणजे मी आणि माझी तापलेली इस्त्री, हे जगात मला एकटीला ठाऊक होतं.

मला पोट धरून हसू येत होतं, आणि ते हसू आईपाशी येऊन थांबत होतं.

कारण आईचं मागच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून तिला स्वतःच्या हाताची शंका यायला लागली होती. जी बाई उभ्या जन्मात कुणाला 'बरोबर आहे का' असं विचारत नव्हती, ती आता मला फोन करून विचारायची, "त्या तिसऱ्या माळ्यावरच्या सुनेच्या ब्लाउजचा गळा नीट बसला का गं? ती तोंडावर बोलायची नाही." बिल्डिंगमधल्या बायका आईकडे का येतात? तिच्या हातून चूक जात नाही म्हणून. तेवढीच तिची श्रीमंती. आणि आता सगळ्या जगाला दिसेल अशी एक चूक, तिच्या नावावर, मी करून ठेवली होती.

संच काढणाऱ्या कंपनीतल्या मुलीचा मला फोन आला, तेव्हा मी आईकडेच होते. गोड बोलणारी होती. अंधेरीला एका छोट्या थिएटरात दुपारी प्रकाशन आहे, मावशींनी यावं, बाहीचं गुपित त्यांच्या तोंडून ऐकायचंय. आईने माझा मोबाइल मागितला. चष्मा लावला. ती झलक बघितली, दोन बोटांनी बाही मोठी केली, आणखी मोठी केली. बराच वेळ बघत राहिली. मग मोबाइल माझ्याकडे दिला आणि चष्मा पुसत म्हणाली, "येते म्हणून सांग तिला."

"अगं, पण बोलणार काय तू?"

"काय म्हणजे? चूक आहे ती. चूक झाली की चार माणसांत उभं राहून सांगायची. दिग्दर्शकाच्या नावावर नाही खपवायची."

मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बेचाळीस वर्षांची घोडी, पण मुकाट त्या मुलीला 'आई येतेय' म्हणून कळवलं.

प्रयत्न केले, असं म्हणू नका की केले नाहीत. एका रविवारी खास सांगायला म्हणून घाटकोपरला गेले, तर तिने नारळ आणि विळी पुढ्यात सरकवली. मी दोन नारळ खवले, सोलकढी पिऊन परत आले. दुसऱ्यांदा फोनवर सुरुवात केली, "आई, तुला तो मोतिया ब्लाउज आठवतो?" ती म्हणाली, "आठवायला काय, रोज दाखवतायत की सगळे," आणि तिच्या आवाजात असं काही होतं की मी भाजीचे भाव विचारून विषय बदलला. प्रकाशनाच्या दिवशी मेट्रोत बसलो तेव्हा मी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. घाटकोपर सुटलं. "आई, एक सांगायचंय."

"सांग की."

"तू रागावशील."

"मग नको सांगू." मग समोर उभ्या असलेल्या मुलीकडे डोळ्यांनी खुणावून हळूच, "तो मागचा गळा बघ. केवढा झोल आलाय. कोणी शिवला असेल गो असा?" अंधेरीपर्यंत त्या गळ्याचं शवविच्छेदन चाललं.

थिएटर पोरांनी भरलेलं. मालिका लागली तेव्हा यातली अर्धी जन्मालाही आली नव्हती. कुणी मोतिया टीशर्टवर तांबडे दात छापून घेतलेले, सगळे खाली तोंड करून. एका मुलीने तर चक्क तसा ब्लाउज शिवून घेतला होता, डाव्या बाहीचा काठ मुद्दाम उलटा. आईने तिला थांबवलं, दंडाला धरून वळवलं, बाही बघितली. ती पोरगी एवढी खूश झाली की तिने वाकून नमस्कारच केला. आई मला म्हणाली, "चुणी आहे." बस्स.

मग कार्यक्रम सुरू झाला. एक दाढीवाला तरुण मंचावर आला आणि हातातल्या काठीने पडद्यावर दाखवत बोलायला लागला. पडद्यावर तेच दृश्य, दारातली ती, भिंतभर उंच. माझी बाही माणसाएवढी झाली होती. "लोक म्हणतात, ही शिवणाऱ्याची चूक असेल," तो म्हणाला. "पण या मालिकेतला एकूण एक ब्लाउज मी तपासलाय. दुसरी एकसुद्धा चूक सापडत नाही. अशा हातांकडून चूक होईल? शक्यच नाही! हे मुद्दाम आहे. आणि ते हात आज इथे आहेत."

टाळ्या पडल्या. आई उठली. मी तिचा पदर धरला. खरंच धरला, लहानपणी धरायचे तसा. "आई, थांब, ती माझी..." तिने पदर सोडवून घेतला आणि गेली.

ती माइकसमोर उभी राहिली. नऊवार नाही, चष्म्याची साखळी नाही, साधी पाचवारी आणि पायांत रबरी चपला. माइक तिला उंच झाला, कुणीतरी खाली केला. "मावशी," दाढीवाला म्हणाला, "दिग्दर्शकांनी सांगितलं होतं ना काठ उलटा लावायला?"

"नाही," आई म्हणाली.

पोरांनी रेकॉर्ड करायला मोबाइल वर धरले.

"कुणी कायपण सांगितलेलं नाही. चूक आहे ती." पोरांचे चेहरे बघवेनात. दाढीवाल्याची काठी खाली आली. मी खुर्चीतून अर्धी उठलेली, बसताही येईना. आई माइकच्या अगदी जवळ गेली. "पण माझी नाही."

तिने हात करून मला दाखवलं. "ती बसलीय ना तिकडे, अर्धी उभी, तिची आहे. माझी मुलगी. सोळा वर्षांची होती. इस्त्रीने बाही जाळलीन आणि मी यायच्या आत दुसरी लावून टाकलीन. तिला वाटलं, मला कळलं नाही." सगळा हॉल माझ्याकडे वळला. मी पर्स तोंडासमोर धरली. "चार दिवसांनी तोच ब्लाउज सैल करायला माझ्याकडे परत आला. टाका बघितला, म्हटलं हा माझा नाही. गाठोड्यातलं कापड कमी. कचरेवाली जळकी बाही घेऊन दारात, ताई, ही तुमची का? आता तुम्ही सांगा."

हशा पिकला. तीही थोडी हसली. आई माइकवर हसली, हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

"मग उसवली का नाहीत?" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

आईने माइक सोडला. ती पडद्याकडे वळली. पार जवळ गेली, इतकी की चित्र तिच्या साडीवर पडलं. "हा खांद्याचा भाग मोठा करता येतो का रे?" तिने मागे बघून प्रोजेक्टरच्या मशीनवाल्याला विचारलं. चित्र मोठं झालं. काठ खाली गेला, पडद्याबाहेर, आणि पडदाभर नुसता खांदा राहिला, बाही जिथे अंगाला मिळते तो गोल. आईने हात वर करून त्या गोलावरून बोट फिरवलं. हात पुरेना, तशी ती चवड्यांवर उभी राहिली.

"उसवायला बसले होते," ती म्हणाली. माइक लांब राहिला होता, पण तिचा आवाज मुळातच मोठा. "ब्लेड हातात होतं. मग हा मुंढा बघितला. तुम्ही सगळे काठ बघत बसलात. काठ काय, कुणालापण सरळ लावता येतो. हे बघा. पहिली बाही आहे ही तिची, जन्मातली पहिली. कुणी शिकवली नव्हती. एक चुणी दाखवा मला. चला, एवढे तपासणारे आहात ना, शोधा. एक."

आणि काय सांगू, शंभरेक पोरं खरोखर पुढे झुकून माझ्या मुंढ्यात चुणी शोधायला लागली. दाढीवाला तर नाक पडद्याला लावून उभा. कुणाला सापडली नाही. मीही शोधली. डोळ्यांत पाणी होतं म्हणून धूसर दिसत होतं, पण नव्हती. माझ्या हातून इतकी सुंदर बाही त्यानंतर क्वचितच बसली असेल.

"रेशमात टाक्यांची भोकं राहतात, काठ सरळ करायचा तर सगळी बाहीच उसवून नवी लावायला लागली असती," आई म्हणाली. "नाही उसवली. हात होईना माझा." मग मालवणी आलं, जे ती आता फक्त अगदी आतलं काही असलं तरच बोलते. "ह्या माझ्या चेडवाचा काम आसा." माझ्या लेकीचं काम आहे हे.

टाळ्या केवढ्या पडल्या ते मला नीट ऐकू आलं नाही, मी रडत होते. चांगलं मोकळं, नाक ओढत रडत होते, आणि शेजारची अनोळखी पोरगी, तीच उलट्या काठाची, माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. पंचवीस वर्षं मी ज्याला गुन्हा समजून लपवत होते, ते आईने जपून ठेवलं होतं. आणि एकदा तरी बोलायचं की गं बाई मला! राग आला, हसू आलं, सगळं एकदम आलं.

"पण मावशी," दाढीवाल्याने शेवटी केविलवाण्या आवाजात विचारलं, "मग घरी परत आली ती कोण? थोरली की धाकटी?"

"ते मला काय माहीत? मी मालिका कधी बघितली? मी ब्लाउज बघायचे."

पोरं शिट्ट्या मारत उठली, कुणी संचाचा डबा पुढे केला, कुणी आईची सही मागू लागलं. मशीनवाल्याने मागून विचारलं, पुढचं दृश्य लावू का. आई पडद्यासमोरून हलली नव्हती. तिने वळूनही बघितलं नाही.

"थांब रे जरा," ती म्हणाली. "मला अजून बघायचंय."